अँड्रॉइड की आयफोन? खोक्यावर न छापलेले फरक

फोन घ्यायला निघालेला माणूस दुकानात कॅमेरा आणि रंग बघतो. कॅमेरे आता दोन्हीकडे चांगले आहेत, महागड्या फोनांत तर फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. पुढची चार-पाच वर्षं ज्यावर अवलंबून असतात त्या गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात. त्यातली पहिली म्हणजे या फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार.

यात आयफोन बराच काळ पुढे होता. 2015 सालच्या आयफोन सिक्स-एसला 2021चं आयओएस 15 (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी अ‍ॅपलची प्रणाली) मिळालं. 2019च्या आयफोन 11 वर 2025चं आयओएस 26 चालतं. अँड्रॉइडच्या मोठ्या कंपन्यांनी हे अंतर अलीकडेच भरून काढलं. गुगलने ऑक्टोबर 2023 मध्ये आपला पिक्सेल 8 फोन आणताना सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, सॅमसंगने जानेवारी 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 साठी तोच दिला. स्वस्त अँड्रॉइड फोनांत मात्र मॉडेलगणिक वेगळा कारभार असतो. काहींचे अपडेट दोन-तीन वर्षांतच थांबतात. त्यानंतरही फोन चालतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण आतल्या त्रुटी बुजवणारं कुणी उरलेलं नसतं, आणि बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय त्याच फोनवर असतं.

म्हणून किमतीला वर्षांनी भागून पाहा. साठ हजारांचा फोन सहा वर्षं वापरला तर वर्षाला दहा हजार पडतात. पंधरा हजारांचा तीन वर्षं वापरला तर पाच हजार. म्हणजे ‘आयफोन टिकतो, शेवटी स्वस्तच पडतो’ हे हप्त्यावर घेणाऱ्याला सांगितलं जाणारं गणित आपोआप खरं ठरत नाही, जुना आयफोन विकताना किंमत चांगली येते हे धरूनही. खरा तोटा मधल्या सौद्यात आहे. चाळीस हजार मोजून तीनच वर्षं अपडेट मिळणारा फोन घेतला, तर वर्षाला तेरा हजारांवर जातो. दुकानदाराला रॅम विचारण्याआधी ‘सिक्युरिटी अपडेट कोणत्या सालापर्यंत?’ हे विचारा, आणि उत्तर कंपनीच्या साइटवर पडताळून घ्या.

दुसरा मोठा फरक फसवणुकीचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घेत असाल तर मी यालाच सगळ्यात जास्त वजन देईन. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं ई-चलान किंवा पीएम किसानची यादी म्हणून एक फाइल येते. ती पत्रिका नसते, एपीके असते, म्हणजे अ‍ॅपच. अँड्रॉइडवर ती प्ले स्टोअरबाहेरूनही बसवता येते. इशारा येतो, पण माणूस घाईत ‘अलाऊ’ दाबतो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. आयफोनवर ही वाटच बंद आहे. भारतात त्यावर अशी फाइल बसवता येत नाही, आणि बाहेरच्या अ‍ॅपला एसएमएसची पेटी उघडताच येत नाही. याचा अर्थ आयफोनवाला फसत नाही असा नाही. खोटा पोलीस बनून धमकावणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनला किंवा खोट्या लिंकला फोन कुठला हे माहीत नसतं. फसवणूक झालीच तर 1930 या सरकारी सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हे दोघांनाही सारखंच लागू.

मराठीच्या बाबतीत अँड्रॉइडने आपल्याला लवकर जवळ केलं. 2014च्या अँड्रॉइड 5 पासून सगळा फोन मराठीत करता येतो, आणि 2017 पासून गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं. आयफोनवर मराठी कीबोर्ड होता, पण मेनू आणि सेटिंग मराठीत यायला 2025चं आयओएस 18.4 उजाडावं लागलं. इंग्रजी न वाचणाऱ्या आईसाठी ही दहा वर्षं उशिरा आलेली सोय आहे, तरी आता ती आहे हे मोलाचं. आयफोन घेण्याआधी दुकानातच मराठी लिहून आणि बोलून बघा. हात बसत नसेल तर बाकीचे गुण काय कामाचे?

किरकोळ गोष्टी भराभर. मेमरी कार्ड आयफोनमध्ये कधीच नव्हतं. आयफोनला वेगळ्या पिनचा चार्जर लागायची अडचण 2023च्या आयफोन 15 पासून संपली, टाइप-सी दोन्हीकडे चालतं. फोटो वगैरे ठेवायला इंटरनेटवरची मोफत साठवणूक गुगलची 15 जीबी, अ‍ॅपलची 5. कॉल रेकॉर्डिंग आयफोनवर 2024 मध्ये आलं, पण समोरच्याला सूचना ऐकू जाते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवरही आता जाते. तालुक्याच्या गावी स्क्रीन फुटली तर अँड्रॉइडची सहसा तिथेच बदलून मिळते, आयफोनसाठी अनेकदा शहर गाठावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजच्या मुलाला हप्त्यावर आयफोन घेऊन देऊ नका. अपडेटची लेखी हमी असलेला मध्यम किमतीचा अँड्रॉइड त्याला पुरतो. पैसे हाताशी असतील आणि फोन पाच-सहा वर्षं बदलायचा नसेल, तर आयफोन जरूर घ्या. आई-वडिलांसाठी मात्र, घरात त्यांना रोज मदत करणाऱ्याकडे जो आहे तोच प्रकार घ्या, कारण फोनवरून ‘आता कुठलं बटण दाबू?’ याचं उत्तर त्यालाच द्यायचं असतं. तो मदतनीस दूर राहत असेल आणि आई-वडील येईल त्या फाइलवर बोट ठेवत असतील, तर थोडे जास्त पैसे घालून आयफोनच बरा.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर एक काळजी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या गप्पा ‘मूव्ह टू आयओएस’ या अ‍ॅपने नेता येतात, पण त्यासाठी आयफोन कोरा किंवा पूर्ण रीसेट केलेला लागतो. दुकानदाराने उत्साहाने फोन सुरू करून हातात दिला, तर सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं. त्याला आधीच सांगा की खोकं उघडून दाखव, पण सेटअप मी घरी करीन.