बोलायला शिकवणारा चित्रपुस्तकांचा संच: मजकूर उत्तम, बांधणीनं जीव काढला

मुलगा तीन वर्षांचा होत आला तरी मोजकेच शब्द बोलायचा. मिरजेत ऐकण्याची तपासणी झाली, कान व्यवस्थित निघाले. मग सांगलीत विश्रामबागला स्पीच थेरपी सुरू केली. तिथल्या ताईंनी घरी रोज वाचायला हा आठ पुस्तकांचा संच सुचवला. किंमत ६४० रुपये. थेट सांगते: परवा त्यातल्या बदकाच्या पुस्तकाची मधली पानं सुटून हातात आली, आणि "सात दिवसांनंतर बदलून मिळणार नाही" असं प्रकाशनाचं उत्तर आलं.

पानं सुटली हे एक वेळ सोडून दिलं असतं. पण हे पुस्तक पहिल्यापासून उघडं राहतच नाही! गोंदानं चिकटवलेली बांधणी, हात काढला की मिटलं. झोपताना गोष्ट वाचायला चालेल, थेरपीला नाही. मुलाला मांडीवर न घेता समोर बसवायचं असतं, म्हणजे त्याला आपले ओठ दिसतात आणि तो कुठं बघतोय ते आपल्याला कळतं. पुस्तक दोघांच्या मध्ये. एक हात पान दाबण्यात अडकला तर बोट कशानं दाखवायचं आणि खुणा कशानं करायच्या? त्यात बदकाचं पिल्लू नेमकं मधल्या घडीत छापलंय. "पिल्लू कुठं?" म्हटलं की हा घडीत बोट खुपसणार. पान तिथूनच सुटलं.

मजकूर मात्र विचार करून लिहिलाय. प्रत्येक पानावर तीच ओळ येते. ती अर्धी वाचून थांबायचं, मनात पाच मोजायचे, मध्ये बोलायचं नाही. सुरुवातीला तो नुसता बघत बसायचा. तेव्हा लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते. मग एकदा मी थांबल्यावर तो स्वतःहून म्हणाला, "पान्यात." नुसतं पाणी नाही, पाण्यात! अशा वेळी "नीट म्हण" म्हणायचं नसतं, आपणच "हो, बदक पाण्यात गेलं" असं पूर्ण वाक्य द्यायचं. आता "झाडावर", "खाटेखाली" हेही येतं. या पद्धतीला डायलॉजिक रीडिंग म्हणतात. अमेरिकेतले ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे मोठ्यांनी सगळं वाचून दाखवायचं नाही, मुलाला बोलायला जागा ठेवायची.

शेवटी झेरॉक्सवाल्याकडून ४० रुपयांत स्पायरल करून घेतलं. भोकं पिल्लावरच पडली, म्हणून कोपऱ्यात स्केचपेननं दुसरं काढलं. पण पुस्तक आता सपाट पडतं, दोन्ही हात मोकळे. हेच प्रकाशनानं केलं असतं तर आणखी ५० रुपये आनंदानं दिले असते.

मजकुराला पाच, बांधणीला एक. घ्यायचा असेल तर दुकानातच टेबलावर उघडून हात काढून बघा. तोवर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून वापरता येतात.