ओल मोजायचं मीटर आणि मोबाइलचा थर्मल कॅमेरा: हिवाळा ते पावसाळा वापरून

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीने वर्गणीतून दोन वस्तू घेतल्या. एक दोन सुयांचं मॉइश्चर मीटर, दीड हजाराच्या आत. दुसरा मोबाइलच्या चार्जिंगच्या जागी बसणारा छोटा थर्मल कॅमेरा, वीस हजारांच्या आसपास. इमारत डोंबिवलीतली, १९९४ची, तळ अधिक तीन. काही घरांत अजून जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत, काहींनी बाथरूम नवीन करताना सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे घातले, आणि भिंतीत कुठला पाइप कुठून गेलाय याचा नकाशा कुणाकडेच नाही. ओल आली की प्लंबर भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "वरच्यांचं बाथरूम फोडायला लागेल." वरचे म्हणतात, "आमच्याकडे तर थेंब नाही." सेक्रेटरी मी, त्यामुळे दोन्हीकडचा चहा मला मिळतो आणि दोन्हीकडच्या शिव्याही.

आधी मीटर, कारण पैसे त्यानेच वसूल केले. हे यंत्र पाणी मोजत नाही. दोन सुयांच्या मध्ये वीज किती सहज वाहते ते बघतं आणि त्यावरून टक्का दाखवतं. हा टक्का लाकडासाठी ठरवलेला असतो, त्यामुळे प्लास्टरवर २८ आले म्हणजे भिंतीत २८ टक्के पाणी आहे असं अजिबात नाही. वर लोणा धरलेला असेल तर क्षारांमुळे आकडा उगाच चढतो. तळमजल्यावर एका भिंतीत पाइप बदलून बरेच महिने झाले तरी ३०च्या खाली उतरायला तयार नव्हता. पोपडे खरवडले, लोणा ब्रशने झाडला, खालच्या थराला सुया टोचल्या, तर १३.

म्हणून एकट्या आकड्यावर भांडू नका. भिंतीवर पेन्सिलने अर्ध्या-अर्ध्या फुटावर खुणा करायच्या, दर आठवड्याला त्याच खुणांवर मोजायचं आणि वहीत लिहायचं. सोबत त्याच घरातली एक ठणठणीत भिंतही मोजायची. आमच्याकडे अशी कोरडी भिंत जानेवारीत ९-१० दाखवायची, जुलैत तीच १५-१६. एवढं समजलं नाही तर पावसाळ्यात अख्खी इमारत गळतेय असं वाटेल.

दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजच्या छताला डाग होता, वर तिसऱ्या मजल्याचं बाथरूम. डागाच्या मध्यावर आकडा ३५ आणि दिवाणखान्याकडे जाईल तसा कमी. पण डाग जिथे, गळती तिथेच, असं बाथरूमच्या बाबतीत धरता येत नाही. सनकनमधल्या, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधल्या, ब्रिकबॅट कोब्यात (विटांच्या तुकड्यांच्या भरावात) पाणी महिनोन्महिने मुरतं आणि वाट मिळेल तिथून खाली उतरतं. वरचं कुटुंब मे महिन्यात गावाला गेलं तेव्हा मी काकांना विनंती केली की बाथरूमचा कॉक मुद्दाम चालूच ठेवा, फक्त नळ बंद करा. पाण्याचा पाइप फुटला असेल तर घरात कुणी नसतानाही तो चोवीस तास झिरपतो, सांडपाण्याची वाट फुटली असेल तर वापर थांबला की झिरपणं थांबतं. वहीतला आकडा आठवड्याआठवड्याने उतरत गेला, मंडळी परत आली तेव्हा १९ होता. म्हणजे पाण्याचा पाइप निर्दोष, संशय जमीन आणि नहाणी ट्रॅपवर, म्हणजे जमिनीतलं सांडपाणी जिथून खाली जातं त्या भांड्यावर.

मग ट्रॅपमध्ये बोळा घट्ट बसवून जमिनीवर दोन इंच पाणी साठवलं आणि त्यात चिमूटभर फ्लुरेसिन टाकलं. ही लालसर पूड पाण्यात हिरवी होते आणि नोटा तपासायच्या टॉर्चखाली चमकते. चिमूटभरच घाला, नाहीतर टाइलचे जॉइंट हिरवे होतील आणि काकू तुम्हाला जन्मभर ऐकवतील. दोन दिवस पाणी तसंच ठेवलं, खाली काही आलं नाही. म्हणजे टाइलचे जॉइंट आणि वाटा (जमीन-भिंतीच्या कोपऱ्यातला सिमेंटचा काठ) दोन्ही शाबूत. बोळा काढून पाणी ट्रॅपमधून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅसेजच्या छताला टॉर्चखाली हिरवा डाग. ट्रॅप जिथे आउटलेट पाइपला जोडलाय तिथला सांधा सुटला होता. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल काढून काम झालं. प्लंबरने मूळ कोटेशन अख्ख्या बाथरूमचं दिलं होतं.

आता कॅमेरा. जाहिरातीत भिंतीच्या आत पाणी निळं दिसतं. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला भिंतीच्या आतलं काहीच दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओल्या जागेवरून पाणी उडतं, ती जागा गार पडते आणि म्हणून निळी दिसते. पावसाळ्यात डोंबिवलीच्या दमट हवेत पाणी उडणार तरी कुठे? ओली भिंत, कोरडी भिंत, सगळं एकाच रंगात. जानेवारी ते मार्च हाच याचा हंगाम. त्यातही पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडलं की बीम आणि कॉलम इतके ठसठशीत दिसतात की नवखा माणूस त्यालाच गळती समजेल. चकचकीत टाइलवर तर आपलाच उबदार आकार दिसतो.

पण एका कामात त्याला तोड नाही: गिझरची कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेली लाइन. पहिल्या मजल्यावर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती. गरम पाण्याचा नळ वीस मिनिटं सोडला आणि कॅमेरा धरला. पाइपची वाट टाइलवर सरळ रेघेसारखी उमटली आणि एल्बोपाशी (पाइपच्या वळणाच्या जोडापाशी) ती रेघ फुगून हळूहळू पसरायला लागली. तिथेच एक टाइल काढली. पितळी आट्याच्या एल्बोत चीर होती. गार पाण्याच्या लाइनला हा उपाय लागू नाही, तिथे प्लंबरचा हातपंप आणि गेज लावून दाब टिकतो का बघणं हाच सरळ मार्ग.

ओल म्हणजे गळतीच असंही नाही. एका बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी होती आणि वरच्या घराशी बोलणंही बंद झालं होतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन बसते तो, साधारण २५ अंशांवर येतो. शेजारच्या खोलीतला एसी रात्रभर चालला की मधली भिंत त्याच्याखाली जाते आणि या बाजूने तिला घाम फुटतो. अॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाणी फॉइलच्या वर, खोलीच्या बाजूला होतं. फॉइलच्या मागे भिंत कोरडी. भिंतीतून ओल येत असती तर उलटं झालं असतं. खर्च शून्य, बोलणं पुन्हा सुरू.

हेडफोन लावून गळती ऐकणारी एक खासगी मंडळीही बोलावून पाहिली. घरातल्या लाइनवर त्यांना काही ऐकू आलं नाही, आणि ते साहजिक आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी गच्चीवर, त्यामुळे वरच्या मजल्यांना तेवढाही नाही, मग फुसफुस येणार कुठून? प्लास्टिकच्या पाइपातून आवाज फार लांब जातही नाही. पंप चालू असताना वर चढणारी लोखंडी लाइन मात्र त्यांनी नीट ऐकली आणि तिथला एक सांधा बरोबर दाखवला. सांडपाण्याच्या पाइपला मुळात दाबच नसतो, त्यासाठी यांना बोलावू नका.

जमिनीखालच्या टाकीला यातलं काहीच लागत नाही. रात्री पंप आणि येणारं पाणी बंद करा, पातळीला खडूची रेघ मारा. एक चौरस मीटरला एक सेंटिमीटर म्हणजे १० लिटर, हा हिशोब पाठ असू द्या. आमची टाकी १२ चौरस मीटर, रात्रीत दोन सेंटिमीटर उतरली, म्हणजे २४० लिटर. पाणी ज्या उंचीवर येऊन उतरायचं थांबतं, चीर त्या उंचीच्या आसपास शोधायची.

खर्च कोणाचा, हे यंत्र सांगत नाही. आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची, ड्रेनेजची गळती सोसायटीकडे, संडास-बाथरूम-सिंकच्या आतली ज्याची त्याच्याकडे. पण वही समोर ठेवली की मीटिंगमध्ये आवाज खाली येतो. तिसऱ्या मजल्याच्या काकांनी ट्रॅपचे पैसे न कुरकुरता दिले.

घ्यायचं असेल तर मीटर कुठल्याही सोसायटीने घ्यावं. जास्तीच्या सुया सोबत येणारं घ्या, सिमेंटवर त्या वाकतात. स्विचबोर्डजवळ ओल असेल तर टोचण्याआधी एमसीबी (विजेचा मुख्य खटका) पाडा. कॅमेरा विकत घेण्याऐवजी फेब्रुवारीत एक-दोन दिवस भाड्याने आणला तरी पुरे, आमचा जूनपासून कपाटात आहे. जिन्याच्या भिंतीचं कोडं अजून बाकी आहे: गच्चीच्या दरवाजापाशी २६, आणि पाऊस थांबला तरी उतरत नाही. नोव्हेंबरपर्यंतचे आकडे आल्याशिवाय तिथे वॉटरप्रूफिंगवाल्याला हात लावू देणार नाही.