हवेची उशी, वाळूचं घड्याळ आणि फुकटची ट्यूब

ऑनलाइन मागवलेली, बाकावर ठेवून बसायची हवेची उशी (६४९ रुपये, निळी, सोबत हातपंप) चौथीच्या वर्गात दीड महिना वापरून झाली, म्हणून लिहितेय. विकणाऱ्यानं 'चंचल मुलांसाठी' असं लिहिलंय. मुलांसाठी म्हणजे मुलग्यांसाठी, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

माझा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागात. ४७ पोरं, निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड. पहिल्या बाकावर एक भिंगरी आहे. गणिताच्या एका तासात तो अकरा वेळा उठला. फळ्याच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजलंय. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो, आणि वर ते बरोबर असतं. डॉक्टरांनी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं नि अतिचंचलता या विकाराची, शक्यता सांगितली, तेव्हा मी हौसेनं खरेदीला लागले.

उशी मुळात खुर्चीसाठी बनलेली. आमचे बाक लाकडी, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले. दुसऱ्याच दिवशी उशी घसरली आणि पोरगा शेजाऱ्याच्या मांडीवर. रबरी गाठींची बाजू खाली केली की जरा टिकते. हवा अर्धीच भरा, पूर्ण भरली की दगड. पहिले चार दिवस उठणं अकरावरून चारवर आलं. पाचव्या दिवशी त्याला शोध लागला की उशीवर दाणकन बसलं की आवाज येतो. कसला, ते सांगायला नको. अख्खा वर्ग लोळला. दोन तारे.

वाळूचं घड्याळ नव्या पेठेतून आणलं, पाच मिनिटांचं, १२० रुपये. 'वाळू संपायच्या आत पाच गणितं' म्हटलं की भिंगरी जोरात, का की शर्यत लागली की तो कुणाला ऐकत नाही. काच पातळ, तिसऱ्या आठवड्यात फुटली. तीन तारे.

ट्यूब मात्र सोनं. विजापूर वेशीतल्या सायकलवाल्यानं पंक्चर काढून काढून थकलेली एक ट्यूब फुकट दिली. बाकाच्या पुढच्या दोन लोखंडी पायांना ताणून बांधली, पोरगा तिच्यावर पाय झुलवत बसतो. आवाज नाही, घसरणं नाही, हात लिहायला मोकळे. मार्चच्या उन्हात वास मारते नि चिकट होते, तेवढी बदलायची. पाच तारे, सहा असते तर सहा दिले असते.

चौथी वस्तू मी विकत घेतली नव्हती. डॉक्टरांनी भिंगरीसाठी व्हँडरबिल्ट फॉर्म पाठवला, एडीएचडीची लक्षणं तपासायला शिक्षकांनी भरायचा. ४३ प्रश्न. लक्षणांच्या प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही'चा शून्य ते 'फार वेळा'चे तीन. पहिले नऊ प्रश्न लक्ष देण्याबद्दलचे, पुढचे नऊ चुळबुळीचे. दहाव्यापासून पेन धावलं. पहिल्या नवात अडकलं, कारण ते वाचताना डोळ्यांसमोर भिंगरी येईचना, खिडकीजवळची मुलगी यायला लागली.

ती फळ्यावरची ओळ अर्धी उतरवून थांबते. 'कळलं का?' विचारलं की 'हो बाई'. पट्टी, खोडरबर, डबा, आठवड्याला काहीतरी हरवतंच. पेपरात पुढच्या पानावरची गणितं बरोबर, आणि पान उलटायचंच राहिलेलं. वहीच्या समासात ठिपक्यांच्या रांगोळ्या इतक्या सुबक, की मीच एकदा 'छान' लिहिलं होतं. तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांत शेरा एकच: शांत, पण आळशी. यंदाचा माझ्या अक्षरात.

अमेरिकेच्या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली या विकाराचं नाव लक्षाच्या कमतरतेवरून होतं. १९८७ साली नावातच अतिचंचलता आली. माझ्या मते तिथंच आम्हा मास्तर लोकांचा घोटाळा झाला. आजच्या व्याख्येत लक्ष न टिकणं हेच मुख्य असलेला प्रकार धरलेला आहे, आणि हा विकार असलेल्या मुलींमध्ये त्या प्रकाराचं प्रमाण मुलग्यांच्या तुलनेत जास्त असतं. पण जो बाकावरून उठतो, त्यालाच आम्ही डॉक्टरकडे धाडतो.

मग सगळ्या वस्तू तिच्यावरही आजमावल्या. उशीवर ती मुकाट बसली, वहीत काही फरक नाही. वाळूचं घड्याळ समोर ठेवलं, तर तिनं वाळू पाहिली. पाच मिनिटं, पापणी न लवता. गणितं शून्य. तिला चाललं ते एवढंच: पान फाडून तीन-तीन गणितांची चिठ्ठी द्यायची आणि जाता-येता वहीवर बोट टेकवायचं. हे कुठं विकत मिळत नाही, म्हणून तारे नाहीत.

निदान करणं माझं काम नाही. लक्षणं शाळेत दिसतात तशी घरीही दिसावी लागतात, सहा महिने तरी, म्हणून तिच्या आईला बोलावलं. विड्या जमा करायला जाता जाता ती वर्गाच्या दाराशी थांबली. "त्रास देती का बाई?" मी नाही म्हटलं. "मग का बोलावलं?" घरचं विचारलं, तर हसली. "कोथिंबीर आणायला धाडलं की मोकळी येती. विचारलं, तर म्हणती, कशाला गेलते गं मी?"

फॉर्मची एक झेरॉक्स काढली, दोन रुपये. या वेळी पहिल्या प्रश्नापासून भरतेय. उशी सध्या मोठ्या बाईंच्या खुर्चीवर आहे. त्यांची कंबर धरते.