अबारेरु की अरेरु? जपानीत धिंगाणा नक्की कसा सांगायचा

डिक्शनरीत दोन्ही जवळपास सारखेच दिसतात म्हणून लोक बिनधास्त अदलाबदल करतात, पण तसं चालत नाही हो. अबारेरु म्हणजे हातपाय झाडणं, तोडफोड, आवरता न येणारा दंगा, कोणीतरी प्रत्यक्ष शरीराने करतंय असं. दारू पिऊन राडा घालणारा म्हणजे साके ओ नोन्दे अबारेरु, उधळलेला घोडा म्हणजे अबारेउमा, डेंटिस्टच्या खुर्चीत लाथा मारणारं पोरगंही ह्यातच.

अरेरुचा पसारा मात्र भलताच मोठा. समुद्र खवळला तरी अरेरु, भांडी घासून हात खरखरीत झाले तरी अरेरु (हे मला फार आवडतं), वर्गात शिस्तच उरली नाही किंवा कमेंट्समध्ये शिवीगाळ सुरू झाली तरी तेच. ओसाकाच्या मार्चमधल्या सुमो स्पर्धेत अनपेक्षित निकाल लागतात म्हणून तिलाही 'अरेरु हारु बाशो' (खवळलेली वसंत स्पर्धा) म्हणतात, तिथे मारामारी वगैरे काही नसते, म्हणजे कुस्तीपलीकडची.

माणसाबद्दल अरेतेइरु (अरेरुचंच 'सध्या चालू आहे' असं रूप) म्हटलं तर तो आतून बिथरलाय, वागणं बिघडलंय एवढंच कळतं, खुर्ची फेकलीच असेल असं नाही. पोलिसांना फोन करताय? मग सरळ अबारेतेइरु म्हणा.