फोल्डिंग सायकलच्या नावाखाली लहान मुलांच्या सायकलचे टायर : फसवणुकीचा अनुभव

तुमच्याकडे वीस इंची चाकांची फोल्डिंग सायकल असेल आणि टायर बदलायचा विचार चालू असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या धाकट्या बहिणीचा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे. कारण एकच : जाणूनबुजून खोटं सांगून आम्हाला विकलेले टायर.

ती चिंचवडहून लोकलने शिवाजीनगरला उतरते आणि तिथून कॉलेजला सायकलने जाते. फोल्डिंग सायकल घेतली ती त्यासाठीच. मूळ टायर झिजले होते, मागच्याच्या कडेला भेगा पडल्या होत्या आणि पंक्चर तर पाचवीलाच पुजलेलं. छोट्या चाकाचे टायर लवकर झिजतात यात नवल नाही. वीस इंची चाकाचा घेर साधारण 1.57 मीटर भरतो, नेहमीच्या मोठ्या सायकलच्या 700 सी मापाच्या चाकाचा 2.1 मीटरच्या वर. म्हणजे एका किलोमीटरला मोठं चाक पावणेपाचशेच्या आसपास फिरतं, तर छोटं सहाशेच्या वर. शिवाय छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, त्यामुळे टायरला आणि रिमला दणका जोरात बसतो. म्हणून या सायकलींना हवा जरा कडक लागते आणि टायरही ती हवा सोसणारा लागतो. फसवणूक झाली ती नेमकी इथे.

आधी मापाचं सांगतो. नुसतं 'वीस इंची' म्हणून भागत नाही. टायरच्या कडेला 47-406 असा आकडा असतो. त्यातले 47 म्हणजे टायरची रुंदी आणि 406 म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बहुतेक वीस इंची फोल्डिंग सायकली 406 च्या असतात, पण काहींना 451 लागतो आणि त्यालाही दुकानात वीस इंचीच म्हणतात. सोळा इंचीतही तेच : ब्रॉम्प्टन कंपनीच्या फोल्डिंग सायकलला 349 लागतो, मुलांच्या सोळा इंची सायकलला सहसा 305. हे सगळं मी पाहून घेतलं होतं आणि विकणाऱ्यानेही 406 मागितल्यावर 406 च पाठवला. माप अगदी बरोबर होतं. पण 406 हे माप मुलांच्या सायकलींचं आणि कसरतीच्या बीएमएक्स सायकलींचंही आहे. त्यामुळे मुलांच्या सायकलचा दोन-अडीचशे रुपयांचा टायर फोल्डिंगच्या रिमवर बिनतक्रार बसतो आणि बसवताना कुणालाच संशय येत नाही.

एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरच्या विक्रेत्याकडून हे टायर घेतले. पानावर लिहिलं होतं : इम्पोर्टेड, फोल्डिंग सायकलसाठी खास, आत पंक्चररोधक पट्टा, 85 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). एका टायरला 1,650 रुपये. मी चॅटवर दोन प्रश्न विचारले. दाब किती चालेल? आणि पट्टा खरंच आहे का? उत्तर आलं, "सर, 85 पर्यंत बिनधास्त मारा. तीन एमएमचा पट्टा आहे, खिळासुद्धा जाणार नाही." टायर आले तेव्हा काळेभोर, चकचकीत होते. कडेला रंगीत लेबल, त्यावर 47-406 आणि 85 पीएसआय ठळक छापलेलं. आम्ही 65 पीएसआय हवा भरली, म्हणजे सांगितलेल्या दाबापेक्षा बरीच कमी.

काही दिवसांनी कॉलेजच्या वळणावर मागचा टायर एका बाजूने रिमबाहेर आला, ट्यूब सुतळी बॉम्बसारखी फुटली आणि बहीण उजव्या हातावर पडली. मागून येणारा रिक्षावाला सावध होता, त्याने वेळेवर ब्रेक मारला. नाहीतर काय झालं असतं याचा विचारही मला करवत नाही. दवाखान्यातून तिने फोन केला तो असा : "दादा, सायकल ठीक आहे, मला थोडं लागलंय."

सायकल आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांकडे नेली. काकांनी आधी पुढचा टायर पाहिला. एका जागी कड फुगून बाहेर आली होती, चाक फिरवलं की तो फुगवटा ब्रेकला घासत होता. मग त्यांनी लेबलच्या एका टोकाखाली नख घातलं. लेबल निघालं आणि खाली रबर घासून सपाट केलेलं दिसलं, पॉलिश कागद मारल्यावर दिसतं तसं खरखरीत. काकांनी पंक्चरसाठी ठेवलेला खडू त्यावर आडवा फिरवला. घासूनही उरलेली उठावाची अक्षरं पांढरी झाली : '40', आणि त्यापुढे अर्धवट 'पी'. काका म्हणाले, "अरे, हा पोरांच्या सायकलचा टायर आहे. आणि जुनाय. पॉलिश पूस आणि बघ." रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर कडेला बारीक भेगांचं जाळं निघालं. टायर आतून उलटा केला, तर पट्टा वगैरे काही नव्हतं. नुसतं पातळ रबर आणि त्यातून दिसणारे धागे.

चाळीस पीएसआयचा, वर्षानुवर्षं पडून वाळलेला टायर आणि त्यावर 85 चं लेबल. याला मी साधी फसवणूक म्हणत नाही. ज्याने ते अक्षर घासलं, त्याला ते अक्षर कशासाठी असतं हे ठाऊक होतं. मालाची किंमत वाढवून सांगणं एक वेळ समजू शकतं, पण दाबाचा आकडा खोडणं म्हणजे कुणाच्या तरी हाडांचा सौदा आहे.

इथे एक नीट समजून घ्या, चाळीस पीएसआयच्या टायरमध्ये काहीच वाईट नाही. राल्सन, मेट्रो, हार्टेक्स अशा आपल्याकडच्या कंपन्या सायकलचे टायर बनवतात. असा टायर त्याच्या स्वतःच्या आकड्यावर वापरला तर चांगला चालतो. वजन बेताचं आणि अंतर थोडं असेल, तर फोल्डिंगलाही तो पुरेल. मला जास्त पैसे गेल्याचं दुःख नाही, आकडा लपवल्याचा संताप आहे.

आता टायर हातात आल्यावर काय पाहायचं ते. चांगल्या टायरवर माप आणि दाब रबरातच उठावाने असतात, नुसत्या लेबलवर नाही. बोट फिरवून ती अक्षरं शोधा. सापडत नसतील किंवा त्यावर लेबल चिकटवलेलं असेल, तर लेबल काढा. विक्रेता नको म्हणाला तर टायर तिथेच ठेवा. मग मधला भाग दोन बोटांत दाबून पाहा. खरा पंक्चररोधक पट्टा असेल तर हाताला जाडी लागते. श्वाल्बे या टायर कंपनीच्या मॅरेथॉन टायरमध्ये तो 3 मिलिमीटरचा असतो, मॅरेथॉन प्लसमध्ये 5 मिलिमीटरचा, आणि असा टायर कागदासारखा दुमडत नाही. कड वाकवून भेगा पाहा, आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं, तेलकट झालं तर पॉलिश मारलंय. तुमची रिमही एकदा मेकॅनिकला दाखवा. आतून सरळ भिंतीच्या, टायर धरून ठेवायला हुकासारखी वळलेली कड नसलेल्या रिमवर चांगल्या टायरलासुद्धा जास्त दाब देऊ नये.

विक्रेत्याने आधी उत्तर दिलं, "वापरलेला माल परत घेत नाही." मग फोन उचलणंच बंद केलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. सोबत चॅटचे स्क्रीनशॉट, बिल, लेबलचा आणि खडू मारलेल्या जागेचा फोटो जोडला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा नकली माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तेही लिहिलं. टायरचे पैसे परत आले. दवाखान्याच्या खर्चाबद्दल अजून कुणी बोलायला तयार नाही, त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. बाजारपेठेने टायर परत पाठवायला सांगितले होते. मी फक्त पुढचा पाठवला. फुटलेला मागचा टायर लेबलसकट पिशवीत बांधून ठेवला आहे, कारण आयोगापुढे तोच पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर टायर भंगारात देऊ नका आणि प्रकरण मिटेपर्यंत चॅट पुसू नका.

काल पुन्हा त्या बाजारपेठेवर पाहिलं. विक्रेत्याचं नाव बदललं आहे. फोटो तेच आहेत, लेबल तेच आहे, किंमत आता 1,450 रुपये आहे आणि वर्णनात 85 च्या जागी 90 पीएसआय लिहिलं आहे.