बंदरं कमी, समुद्र जास्त: चौदा महिन्यांत तीन क्रूझ केल्यानंतर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून यंदाच्या जूनपर्यंत आम्ही दोघांनी तीन क्रूझ केल्या. पहिलीत सात रात्रींत समुद्राचा पूर्ण दिवस एकच होता. दुसरीत चौदा रात्रींत दहा. तिसरीत मधे बंदरच नव्हतं, साउदॅम्प्टनला चढलो ते थेट न्यूयॉर्कला उतरलो. तिन्ही वेळा स्वतःच्या खिशातून पैसे मोजलेत, त्यामुळे आता ठामपणे सांगते: बोटीवर राहायची हौस असेल तर किती बंदरं दाखवतात ते पाहू नका, समुद्राचे दिवस किती मिळतात ते पाहा.

पहिली क्रूझ बार्सिलोनाहून, पश्चिम भूमध्य समुद्रातली. कागदावर फारच भरगच्च होती. प्रत्यक्षात रोज सकाळी सहाला उठायचं, घाईत नाश्ता, रांग, बस. "रोम" म्हणून जे बंदर लिहिलेलं असतं ते चिव्हिताव्हेक्किया. तिथून रोम 70-80 किलोमीटर. जाण्यायेण्यातच तीन तास गेले आणि सगळा वेळ डोक्यात एकच, बोट सुटायच्या आत परत पोचायला हवं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. तिसऱ्या दिवशी हे एका चर्चच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू बघून ये, मी इथेच थांबतो." त्या आठवड्यातला आमचा सगळ्यात छान दिवस कोणता, तर तो एकुलता एक समुद्राचा. दोघं डेकवर खुर्च्या टाकून बसलो होतो आणि कुठेच जायचं नव्हतं.

परत आल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं की असे दिवस हवे असतील तर बोटींच्या बदलीच्या फेऱ्या पाहायच्या. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या बऱ्याच बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅरिबियनकडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये युरोपात परततात. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, आणि युरोपात हिवाळ्यात पर्यटक रोडावतात, म्हणून ही ये-जा. बोट तशीही न्यायचीच असते, त्यामुळे रात्रीमागे दर पुष्कळ कमी पडतो. पण प्रवास एकतर्फी असल्याने विमानाचं तिकीट महाग पडतं. आमची दुसरी क्रूझ अशीच होती, बार्सिलोना ते मायामी. तिच्यासाठी आम्ही मुंबई-बार्सिलोना आणि मायामी-मुंबई असं एकत्र मल्टीसिटी तिकीट काढलं. दोन वेगवेगळी एकतर्फी तिकिटं काढण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडलं.

जायचं तर पूर्वेकडून पश्चिमेकडे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे जातं. आमच्या नोव्हेंबरच्या प्रवासात सहा रात्री एकेक तास जास्तीचा मिळाला. पंचवीस तासांचा दिवस! रोज पहाटे आपोआप जाग यायची, तरी झोप पुरेशी झालेली असायची. अमेरिकेत उतरलो तेव्हा जेट लॅगचा पत्ता नव्हता. एरवी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो की पहिला आठवडा मी दुपारी दोनला पेंगत असते. उलट दिशेने गेलात तर तेच तास रोज कापले जातात.

या दुसऱ्या बोटीबद्दल तक्रारीही आहेत. केबिन निवडताना मी किंमत पाहिली, वर काय आहे ते पाहिलं नाही. आमच्या बरोबर डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक होता. पहाटे पाचला खुर्च्या ओढायला सुरुवात व्हायची, ती सलग चौदा दिवस. बंदरांची क्रूझ असती तर दिवसभर बाहेर असतो आणि चालून गेलं असतं. इथे केबिन म्हणजे घर. तेव्हा डेकचा नकाशा उघडून आपल्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना, ते बघा. दुसरी गोष्ट, अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचं पोंता देल्गादा बंदर वाऱ्यामुळे रद्द झालं. बंदराचा कर तेवढा परत मिळाला, भाड्यातला एक पैसाही नाही, आणि नियमच तसा असतो. मदेरा बेटावरचं फुंशाल सोडल्यावर सलग नऊ दिवस आम्ही जमीन पाहिली नाही. काही प्रवासी फार चिडले होते. मला मनापासून आनंद झाला होता.

टिप म्हणून दरडोई दररोज ठरावीक रक्कम खात्यावर चढते. चौदा रात्रींचे दोघांचे मिळून साधारण 450 डॉलर झाले. प्रवास लांबला की हा आकडा वाढतो, तो आधीच भाड्यात धरून तुलना करा. आणि घरची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. आमचा वेटर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवायचा आणि त्यात काय बदलून देता येईल ते विचारायचा, त्यामुळे कधीच अडलं नाही.

बोट लागण्याबद्दल सगळे विचारतात. माझी आजी रत्नागिरीहून मुंबईला आगबोटीने जायची. पडावातून बोटीवर चढतानाच तिच्या पदराच्या गाठीत आलेपाक असायचा. मीही तोच नेला, शिवाय डॉक्टरांना विचारून गोळ्या. पण औषधापेक्षा जास्त फरक जागेने पडतो. बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते. बोटीच्या बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते आडवं डुलणं आवरतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाऊन खाली आपटते त्याला मात्र त्यांचा इलाज नाही. म्हणून अगदी पुढची केबिन स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आता तिसरी, क्वीन मेरी 2. तिच्याबद्दल किती लिहू असं होतंय. 2004 सालापासून चालू असलेली, 345 मीटर लांब. ही क्रूझची बोट नव्हेच, महासागर पार करण्यासाठी बांधलेली लायनर आहे. नाळ लांब आणि निमुळती, बूड खोल, वेगही जास्त. सात रात्री, जवळजवळ तीन हजार सागरी मैल, आणि त्यात पाच वेळा घड्याळ मागे. मोठं ग्रंथालय, तारांगण, व्याख्यानं, दुपारचा चहा, आणि कपडे धुवायला फुकट मशीन. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो सातव्या मजल्यावरचा लाकडी डेक. त्यावरून बोटीला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. आजकालच्या कित्येक मोठ्या बोटींवर ही सोयच नसते, पोहण्याच्या तलावाभोवती किंवा वरच्या मजल्यावर छोटासा ट्रॅक असतो. समुद्राचे दिवस जास्त असतील तर असा डेक आहे की नाही हे बुकिंगआधी बघाच. ह्यांनी गुडघ्याच्या बेताने रोज सकाळी दोन, संध्याकाळी दोन फेऱ्या मारल्या, आणि हळूहळू तीन-तीनवर गेले.

रोज दुपारी बारा वाजता बोटीची जागा, वेग, वारा हे सगळं ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या कक्षातून, सांगायचे. हे जन्मभर वीज मंडळात मीटरची रीडिंगं घेत आले. घरून आणलेल्या दोनशे पानी वहीत त्यांनी अक्षांश-रेखांश लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खाली रेघ. चौथ्या दिवशी घोषणा चालू असताना मी काहीतरी बोलले, तर हाताने थांब म्हणाले. त्या वहीत सहा ओळी आहेत. घरी आल्यापासून ती टीव्हीशेजारी ठेवलेली आहे, कुणी आलं की आधी ती दाखवतात.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सचा उथळ भाग लागतो. तिथे थंड लॅब्राडोर प्रवाह आणि उबदार गल्फ स्ट्रीम भेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दाट धुकं पडतं. आम्हाला पाचव्या दिवशी सकाळी ते लागलं. कठडा दिसत होता, त्यापुढे काहीच नाही. धुक्यात चालत्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा द्यायचा असा नियम आहे. भोंगा झाला की टेबलावरच्या कपातल्या चहावर बारीक गोल तरंग उठायचे, कडेपर्यंत जायचे आणि चहा पुन्हा स्थिर. मी चहा न पिता तेच बघत बसले. दोन भोंग्यांच्या मधे डेकवरून थेंब ठिबकल्याचा आवाजसुद्धा येत होता.

शेवटच्या दिवशी पहाटे चारलाच वर जा. न्यूयॉर्कच्या तोंडाशी व्हेराझानो-नॅरोज पूल लागतो. त्याखालून जाता यावं म्हणून या बोटीचं धुरांडंही उंची बेतून बांधलंय. खालून बघताना आता टेकणार असंच वाटतं. नंतर डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि मग ब्रुकलिनचा धक्का. मुलगी धक्क्यावर आली होती.

दोन गोष्टी मात्र गांभीर्याने घ्या. महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोचू शकत नाही. बोटीवर डॉक्टर आणि दवाखाना असतो, पण मोठं काही झालं तर किनारा जवळ येईपर्यंत वाट पाहावी लागते. हृदयाचा किंवा असाच गंभीर आजार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, रोजची औषधं दुप्पट न्या आणि तीही हातातल्या बॅगेत, आणि बोटीवरून रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या. दुसरं म्हणजे व्हिसा. साउदॅम्प्टनला चढायला ब्रिटनचा, बार्सिलोनाला चढायला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक), उतरायला अमेरिकेचा. यातला एक जरी नसला तरी धक्क्यावरूनच परत पाठवतात.

एकाच जागी दोन तास बसवत नसेल, मुलं लहान असतील किंवा आयुष्यात एकदाच युरोप पाहायचा असेल, तर अशी क्रूझ तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही.

पुढच्या फेब्रुवारीचं बुकिंग झालंय, लॉस एंजेलिसहून हवाई बेटं आणि परत. जाताना चार दिवस समुद्र, येतानाही चार. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला अशा फेरीत एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून परतताना मेक्सिकोतलं एन्सेनादा आहे; तेव्हा अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. गेल्या दोन्ही वेळा पश्चिमेला जाताना ऊन मिळावं म्हणून डावीकडची केबिन घेतली होती. या वेळी जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ऊन येणार, म्हणून बाजू बघितली नाही, मधली आणि खालची तेवढी मागून घेतली. ह्यांनी नवी वही आणून ठेवलीय.