साकुरासाठी कोणती गाडी: रांदेन, तारुमी की त्सुगारू?

जपानचं विमान आपण सहा-सहा महिने आधी बुक करतो, साकुरा (जपानी चेरी) मात्र त्याच्या वेळेनेच फुलतो. म्हणून आधी तिकिटावरच्या तारखा बघा, गाडी मग ठरवा. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा असेल तर क्योतोची रांदेन ट्राम. एप्रिलचे पहिले दहा-बारा दिवस असतील तर गिफू प्रांतातली तारुमी रेल्वे. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जाणार असाल तर थेट उत्तरेकडच्या आओमोरीची त्सुगारू रेल्वे. थंडी लवकर सरली तर हे सगळं आठवडाभर अलीकडे सरकतं. तिन्ही मार्गांवर जेआर (जपान रेल्वे) पास चालत नाही.

रांदेन सगळ्यात सोपी. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हीच घ्या. एका डब्याची ट्राम कितानो मार्गावर नारुताकी आणि उतानो या थांब्यांदरम्यान साधारण 200 मीटर साकुराच्या बोगद्यातून जाते. मोसमात ठरावीक संध्याकाळी झाडांवर दिवे सोडतात आणि डब्यातले मालवतात. पण हा बोगदा मिनिटभरात संपतो. मागच्या किंवा पुढच्या काचेशी जागा मिळाली तरच मजा, नाहीतर समोर फक्त लोकांच्या पाठी.

तारुमीला अख्खा दिवस द्यावा लागतो आणि तो द्यावाच. नागोयाहून जेआरने ओगाकी अर्ध्या तासावर. तिथून 34.5 किलोमीटरचा हा मार्ग नदीकाठाने डोंगरात शिरतो. शेवटच्या तारुमी स्थानकापासून पंधरा मिनिटं चाललं की उसुझुमी-झाकुरा हे चेरीचं जुनं झाड. झाडाचं वय दीड हजार वर्षांहून अधिक सांगतात, फांद्यांना लाकडी टेकू दिलेत. मरणपंथाला लागलेल्या या झाडाला 1949 मध्ये कोवळ्या रानचेरीची मुळं कलम करून जगवलं. कळी फिकट गुलाबी, पूर्ण उमललं की पांढरं आणि गळताना पातळ शाईसारखी करडी झाक. नावातली ‘फिकट शाई’ हीच, त्यामुळे बहर ओसरताना पोहोचलात तरी हळहळू नका.

चुका इथेच होतात. बातम्यांतला बहराचा अंदाज सोमेई-योशिनो जातीचा असतो. उसुझुमी एदो-हिगान जातीची आहे, शिवाय डोंगरात. शहराचा अंदाज इथे लागू पडत नाही, या झाडाची स्थानिक खबर बघा. खिशात हजार येनच्या नोटा आणि नाणी ठेवा. गाडीत चढताना क्रमांकाची चिठ्ठी घ्या, उतरताना चालकाशेजारच्या पेटीत ती भाड्यासोबत टाका. डोंगरातल्या टप्प्यात गाड्या मोजक्याच, तेव्हा झाडाकडे निघण्याआधी परतीची वेळ टिपून घ्या.

त्सुगारू लांब पडते, पण उशिरा जाणाऱ्यांना तोच आधार. गोशोगावाराहून निघालेली गाडी आशिनो-कोएन स्थानकात दोन्ही बाजूंच्या फांद्यांखालून आत येते. इथे फलाटावर थांबून गाडी येताना बघणं आत बसण्यापेक्षा सरस. जुन्या लाकडी स्थानकात आता कॉफीचं दुकान आहे, पुढच्या गाडीपर्यंत तिथे बसा.